ऊन मोजायच्या यंत्रांबद्दल सारखे येणारे प्रश्न: सातारा-सांगलीकडच्या लोकांसाठी

सातारा, कराड, तासगाव, विटा इकडं हवामान केंद्रं आणि सोलर प्लांटचे सेन्सर बसवायचं काम करतो, त्यामुळं फोनवर तेच तेच प्रश्न येतात. द्राक्षवाले विचारतात, सोलरवाले विचारतात, कॉलेजची प्रोजेक्टवाली पोरं तर परीक्षेच्या आदल्या रात्री विचारतात. दरवेळी टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. सोपं आधी, किचकट नंतर, आणि एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मध्येमध्ये "अमुक प्रश्न बघा" असं म्हटलंय.

१. पायरॅनोमीटर म्हणजे काय? ते उन्हाचं तापमान मोजतं का?

नाही हो, तापमान नाही. एक चौरस मीटर सपाट जागेवर सूर्याची किती ऊर्जा पडतेय ते मोजतं, तेही चारी बाजूच्या अख्ख्या आकाशातून. सूर्याकडून सरळ आलेलं ऊन आणि आभाळातून, ढगातून विखरून आलेला उजेड, दोन्ही धरून. आकडा येतो वॉट प्रति चौरस मीटरमध्ये, खाली मी नुसतं वॉट म्हणेन. डिसेंबरात माण-खटावला सकाळी हुडहुडी भरलेली असते तरी दुपारी आकडा ७०० च्या वर जातो, आणि मे महिन्यात उकाड्यानं जीव नकोसा झालेला असताना आभाळ भरून आलं की तोच आकडा २०० वर येतो. तापमानाचा आणि याचा संबंध आहे पण दोन्ही एक नाहीत.

२. एका ॲपवर ५.६ दाखवतं, दुसऱ्यावर २०, लॉगरवर ८४०. खरं कुठलं?

तिन्ही खरी असू शकतात, मापं वेगळी आहेत. ८४० हा लॉगरचा, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणाऱ्या डब्याचा, या क्षणाचा आकडा, वॉटमध्ये. ५.६ ही दिवसभराची बेरीज, किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर. २० हीच बेरीज मेगाज्यूलमध्ये, कारण एक किलोवॉट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल, करा गुणाकार. नळाचं उदाहरण देतो, वॉट म्हणजे आत्ता धार किती जोरात आहे ते आणि किलोवॉट-तास म्हणजे दिवसभरात हौद किती भरला ते. जुन्या शेतकी पुस्तकांत लँगली नावाचं माप सापडेल, १ लँगली म्हणजे ०.०४१८४ मेगाज्यूल. सोलरवाले "पाच-साडेपाच तास ऊन" म्हणतात ते घड्याळाचे तास नव्हेत, दिवसाची बेरीज १००० वॉटच्या हिशेबानं तासांत सांगितलेली असते.

३. याला बॅटरी नाही, वायर तर दोनच. मग सिग्नल येतो कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. घुमटाच्या आत एक काळी टिकली दिसते, तिच्या खाली थर्मोपाइल असतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा दोन टोकांना जोडल्या आणि एक सांधा गरम, दुसरा गार ठेवला की थोडं व्होल्टेज तयार होतं, १८२१ मध्ये झेबेकनं हे पाहिलं आणि त्याच्याच नावानं हा परिणाम ओळखतात. एका सांध्याचं व्होल्टेज अगदीच किरकोळ, म्हणून असे बरेच सांधे ओळीत जोडतात. गरम टोकं काळ्या टिकलीखाली आणि गार टोकं यंत्राच्या जाड धातूच्या अंगाला. ऊन पडलं की काळा भाग अंगापेक्षा थोडा जास्त तापतो, आणि जेवढा फरक तेवढे मिलिव्होल्ट.

किती मिलिव्होल्ट? साधारण एका वॉटला १० मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे कडक उन्हातसुद्धा सगळे मिळून १० मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलवर एवढा हिशेब उभा असतो म्हणून वायर शिल्डवाली हवी आणि ती पंपाच्या किंवा इन्व्हर्टरच्या केबलशेजारनं नेऊ नका. नवीन डिजिटल मॉडेलमध्ये हे व्होल्टेज आतच आकड्यात बदलून मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची एक पद्धत) येतं, त्यांना मात्र बाहेरून सप्लाय द्यावा लागतो.

टिकली काळी का, तर काळा रंग निळा, तांबडा, इन्फ्रारेड असा भेद न करता जवळजवळ सगळंच सारखं गिळतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पाचव्या प्रश्नात लागणार आहे.

४. काचेचे दोन घुमट कशाला? एक फुटला तर दुसऱ्यावर चालेल का?

चालणार नाही. लोकांना वाटतं काच पावसापासून वाचवायला आहे. तेही आहेच, पण तिचं मुख्य काम वेगळं. काच साधारण ३०० ते २८०० नॅनोमीटर लहरलांबीपर्यंतचा उजेड आत सोडते, म्हणजे सूर्याकडून जमिनीवर पोचणारी जवळजवळ सगळी ऊर्जा, आणि जमिनीची, भिंतीची, आभाळाची उष्णता जी लांब लहरींत येते ती अडवते. वारासुद्धा अडतो, नाहीतर चाळकेवाडीच्या पठारावर काळी टिकली तापायच्या आधीच गार होईल.

आता दोन का? बाहेरचा घुमट रात्री उघड्या आभाळाकडं उष्णता सोडून गार होतो. तो गार झाला की आतली टिकली त्याच्याकडं उष्णता फेकायला लागते आणि आकडा चुकतो. मध्ये दुसरी काच असली की हा व्यवहार बराच कमी होतो, थंडीत एकाऐवजी दोन चादरी घेतल्यासारखं. पूर्ण बंद होत नाही, त्याची गंमत सातव्या प्रश्नात.

घुमट अर्धगोलच का, याचंही कारण आहे. सूर्य कुठल्याही कोनात असला तरी किरण काचेत जवळजवळ सरळच शिरतो. सपाट काचेवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन बरंचसं परावर्तित होऊन जातं.

५. सिलिकॉनवाला सेन्सर कितीतरी स्वस्त मिळतो, तो घेतला तर काय बिघडलं?

कशासाठी घेताय त्यावर आहे. सिलिकॉन सेन्सर म्हणजे सोलर सेलचा लहान भाऊ, वर पांढरं प्लॅस्टिकचं झाकण. त्याला ढोबळपणे ४०० ते ११०० नॅनोमीटरच दिसतं आणि तेही सारखं नाही, तांबड्याकडं जास्त, निळ्याकडं कमी. कारखान्यात त्याला स्वच्छ उन्हावर शिकवलेलं असतं, म्हणून स्वच्छ उन्हात बरोबर सांगतो. पण ढगाळ दिवशी, पहाटे, धुरळ्यात उन्हाचा "रंग" बदलतो आणि याचा अंदाज हलतो. थर्मोपाइलला रंगाचं काही पडलेलं नसतं, कारण वरची काळी टिकली.

याच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. हा क्षणात प्रतिसाद देतो, थर्मोपाइलला काही सेकंद लागतात. किंमत कमी, शेतात चोरी झाली तरी तेवढा जीव जळत नाही. द्राक्षबागेत पाण्याचा हिशेब काढायला चांगल्या कंपनीचा सिलिकॉन सेन्सर पुरतो, माझं तरी तेच मत आहे. मोठ्या प्लांटच्या करारात आकड्यावर पैसे ठरणार असतील तर थर्मोपाइलच घ्या.

तिसरा प्रकार रेफरन्स सेलचा. तो पॅनेलसारखाच काचेखाली असतो म्हणून पॅनेलला जे "दिसतं" तेच त्याला दिसतं, पॅनेल बरोबर चाललंय का हे बघायला तो चांगला. हवामानाच्या नोंदीला नाही.

६. क्लास ए, बी, सी म्हणजे नक्की काय? पूर्वी "सेकंडरी स्टँडर्ड" म्हणायचे ते कुठं गेलं?

आयएसओ ९०६० या मानकाची १९९० ची आवृत्ती होती त्यात सेकंडरी स्टँडर्ड, फर्स्ट क्लास, सेकंड क्लास अशी नावं होती. ऐकून लोकांना वाटायचं सेकंडरी म्हणजे दुय्यम, आणि फर्स्ट क्लास त्याच्या वर, आणि होतं नेमकं उलटं! २०१८ मध्ये नावं ए, बी, सी झाली, बरं झालं.

फरक बघायचा तर हे चार आकडे पुरे. ९५ टक्के प्रतिसादाला ए ला १० सेकंदांच्या आत, बी ला २०, सी ला ३०. एका वर्षात बिघडायची सूट ए ला ०.८ टक्के, बी ला १.५, सी ला ३. तिरप्या उन्हातली चूक १० वॉट, २० वॉट, ३० वॉट. तापमानामुळं येणारा फरक १, २ आणि ४ टक्के. डाटाशीटवर "स्पेक्ट्रली फ्लॅट" लिहिलंय का तेही बघा, नसेल तर तो सगळ्या रंगांना सारखा वागवतो याची खात्री नाही.

क्लास ए चा बोर्ड लावलेला पण धुळीनं माखलेला सेन्सर हा स्वच्छ बी पेक्षा वाईट, एवढं सांगून पुढं जातो.

७. रात्री आकडा उणे ४ येतोय. सेन्सर खराब झाला का?

नाही. उलट थर्मोपाइल जिवंत आहे याची खूण आहे ती. चौथ्या प्रश्नात सांगितलं तसं निरभ्र रात्री घुमट आभाळाकडं उष्णता सोडून यंत्राच्या अंगापेक्षा गार होतो, टिकलीपण गार होते, आणि सिग्नल उलटा येतो. उणे २ ते उणे ५ नेहमीचंच, जानेवारीत कोरड्या आभाळाखाली आटपाडी-जतकडं जरा जास्त, पावसाळ्यात ढग असले की जवळजवळ शून्य. ढग म्हणजे आभाळावरचं घोंगडं.

आता जरा किचकट. हीच चूक दिवसापण असते, फक्त ८०० मध्ये ४ गेले तर कुणाला दिसत नाहीत. त्यामुळं रात्रीचे उणे आकडे मूळ फाईलमधून पुसून टाकू नका. रिपोर्टात शून्य दाखवा हवं तर. मूळ नोंद ठेवा, कारण उद्या हाच आकडा उणे १५ झाला तर कळलं पाहिजे की काहीतरी बिघडलंय. सिलिकॉन सेन्सरवर हा प्रकारच नाही, त्याला रात्री शून्य. तो उणे दाखवत असेल तर वायरिंग किंवा लॉगर बघा.

८. जूनमध्ये दुपारी १२५० वॉट दाखवलं. पुस्तकात तर १००० लिहिलंय.

१००० हा पॅनेल तपासायला ठरवलेला आकडा आहे, निसर्गाला घातलेली मर्यादा नव्हे. वातावरणाच्या बाहेर साधारण १३६१ वॉट असतात, पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते तेव्हा थोडे जास्त आणि जुलैत थोडे कमी. हवेतून येताना त्यातले बरेच गळतात म्हणून स्वच्छ दुपारी आपल्याकडं हजारच्या आगंमागं.

पण पांढऱ्या ढगांचे पुंजके सूर्याला अगदी चिकटून असले, सूर्य मात्र उघडा असला, तर सरळ ऊन तर मिळतंच वर ढगांच्या कडांवरनं फेकलेला उजेडही मिळतो. तेवढ्यापुरता आकडा १२००-१३०० जातो आणि मिनिटाभरात ढग आडवा आला की ३०० वर कोसळतो. मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात हे रोजचं. असे आकडे "चूक" म्हणून उडवणारी सॉफ्टवेअर सेटिंग असते ती बघून घ्या. मात्र निरभ्र आभाळात तासभर सलग १२५० येत असेल तर निसर्गाला दोष देऊ नका, एकविसावा प्रश्न वाचा.

९. बरोबर बाराला आकडा सगळ्यात जास्त का येत नाही?

कारण घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७४ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साताऱ्याला सूर्य सरासरी ३४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, सांगलीला ३२. त्यात वर्षभर थोडी हालचाल, फेब्रुवारीत साताऱ्याचा मध्यान्ह पावणेएकच्याही पुढं जातो आणि नोव्हेंबरच्या सुरवातीला साधारण बारा-अठराला होतो. तुमचा आलेख बाराला टोकावर येत असेल तर लॉगरचं घड्याळच चुकलंय. फुकटात होणारी तपासणी आहे, करून बघा.

१०. सेन्सर एखादा अंश वाकडा राहिला तर खरंच फरक पडतो?

पडतो, आणि कधी किती ते सूर्यावर आहे. सूर्य माथ्यापासून ३० अंशावर असताना एक अंश कललेला सेन्सर साधारण १ टक्का चुकतो. सूर्य ६० अंश खाली उतरला की तोच एक अंश ३ टक्के. गणित सोपं, कोनाचा कोसाइन काढायचा, कॅल्क्युलेटरवर ५९ आणि ६० टाकून बघा.

म्हणून यंत्रावर पाण्याचा बुडबुडा दिलेला असतो आणि खाली फिरवायचे स्क्रू. बुडबुडा गोलाच्या मधोमध आणा, मग बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर परत बघा, कारण आवळताना हमखास सरकतो. पोल पातळ असला तर वाऱ्यानं डोलतो, वनकुसवडेच्या बाजूला तर जाड पाइप आणि ताण दिलेल्या तारा हव्यातच. सकाळ-दुपारचा आलेख एका बाजूला झुकलेला दिसला, म्हणजे निरभ्र दिवशी मध्यान्हाच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर आकडे सारखे येत नसतील, तर लेव्हल गेलीय असं समजा.

११. सपाट बसवू की पॅनेलच्या तिरपेपणात?

शेतीला, हवामानाला सपाट. सोलर प्लांटला दोन्ही, नाही जमलं तर पॅनेलच्या तिरप्यात. साताऱ्याचा हिशेब सांगतो: डिसेंबरात मध्यान्हाला सूर्य माथ्यापासून ४१ अंश दक्षिणेला असतो, पॅनेल १८ अंश दक्षिणेला तिरपं केलं की ते सूर्याला २३ अंशावर बघतं, सरळ ऊन सपाटपेक्षा २२ टक्के जास्त मिळतं. सपाट सेन्सरचा आकडा घेऊन पॅनेलचा हिशेब केला तर डिसेंबरात प्लांट फार भारी वाटेल आणि जूनमध्ये रडका. जूनमध्ये तर सूर्य आपल्या उत्तरेला सरकलेला असतो. साधारण ११ मे ते ऑगस्टचा पहिला आठवडा मध्यान्हाची सावली दक्षिणेकडं पडते, निरखून बघा कधीतरी.

१२. जागा कशी निवडायची?

भोवताली जे काही उंच आहे त्याच्या उंचीच्या दहापट लांब, हा साधा नियम. पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगरच असला तर त्याला इलाज नाही, पण नारळ, टाकी, डिश आणि वाळत घातलेल्या साड्या टाळता येतात. लोक फक्त दक्षिण मोकळी ठेवतात आणि उत्तरेला टाकी बांधतात, तर जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो, त्यामुळं ईशान्य आणि वायव्यसुद्धा मोकळी पाहिजे. चकाकणारा पत्रा किंवा नवीन रंगवलेली पांढरी भिंत जवळ नको. कावळ्याला बसायला दुसरी उंच काठी शेजारीच द्या, सेन्सरपेक्षा उंच पण उत्तरेकडं आणि अगदी बारीक. महाबळेश्वरला माकडं बुडबुड्याचं झाकण उपटून नेतात, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

१३. काच किती दिवसांनी पुसायची आणि कशानं?

मोठ्या प्लांटवर आठवड्याला, शेतात निदान पंधरा दिवसांनी. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ सुती फडकं, चिकट असेल तर थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. साधं बोअरचं पाणी वापरलं की क्षाराचे पांढरे डाग बसतात, आणि धूळ कोरडी घासली तर काचेला चरे. पहाटे करा, म्हणजे पुसण्यात दिवसाची नोंद बिघडत नाही. पुसल्याची वेळ वहीत लिहा, पुसायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा लिहिला तर अजून चांगलं, एका वर्षात कळेल की तुमच्याकडं किती दिवसांत किती टक्के जातात.

इकडची धूळपण जातीजातीची आहे. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्यावर उडणारी काळी काजळी आणि कारखान्याच्या चिमणीची राख, ही तेलकट असते, नुसत्या पाण्यानं जात नाही. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाची फवारणी सुरू झाली की बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके, हे वाळले की दगडासारखे, त्यामुळं फवारणीआधी सेन्सरवर पिशवी घाला आणि संपल्यावर आठवणीनं काढा. आठवणीनं हा शब्द मुद्दाम लिहिलाय. एका बागेत अकरा दिवस पिशवी तशीच होती आणि मालक म्हणत होते ढगाळ हवा आहे.

शेतकऱ्याला यानं काय फरक पडतो म्हणाल तर, धुळीमुळं आकडा १० टक्के कमी आला की बाष्पीभवनाच्या सूत्रात पिकाची गरज कमी निघते, ढोबळ हिशेबानं पाव मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४००० लिटरच्या वर, तेव्हा रोज एकरी हजारेक लिटरचा फरक सहज पडतो. ड्रिप त्या आकड्यावर चालत असेल तर वेल तहानलेले राहतात.

१४. आत दिसणारे रंगीत दाणे काय आहेत?

सिलिका जेल, आतला दमटपणा शोषायला. निळे असतील तर ओले झाल्यावर गुलाबी होतात, नारिंगी असतील तर रंग उडून फिके किंवा हिरवट. रंग बदलला की बदला, पावसाळ्याआधी एकदा तर नक्कीच. जुने दाणे ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात. सारखे ओले होत असतील तर रबर सील गेलंय.

१५. पाचगणी-महाबळेश्वरला सकाळचे आकडे विचित्र येतात.

दव. काचेवर थेंब बसले की ते भिंगासारखे वागतात, कधी ऊन गोळा करून आकडा वाढवतात, कधी विखरून कमी करतात. रात्री घुमट हवेपेक्षा गार होतो हे सातव्यात सांगितलंय, दव त्यामुळंच बसतं. इलाज म्हणजे व्हेंटिलेटर, सेन्सरखाली छोटा पंखा जो घुमटावरनं सतत हवा फिरवतो, हवं तर थोडी उष्णता देतो. धूळपण कमी बसते. वीज लागते आणि पंख्याची जाळी साफ करावी लागते. खाली जतला मला याची गरज कधी वाटली नाही.

१६. वळवाचा पाऊस पडला की ऊन असतानाच आकडा घसरतो, असं का?

तापलेल्या घुमटावर एकदम गार पाणी पडलं की काच आणि तिच्याबरोबर काळी टिकलीही यंत्राच्या अंगाच्या मानानं गार होते, आणि थर्मोपाइल मोजतं तो टिकली आणि अंगातलाच फरक. त्याला कळत नाही की हा फरक उन्हानं आला का पावसानं. हवेचं तापमान झपाट्यानं बदललं तरी हेच, मानकात यासाठी तासाला ५ अंश बदलाची चाचणी आहे आणि क्लास ए ला त्यात फक्त २ वॉट सूट. अंगाला पांढरी गोल थाळी लावलेली असते ती यंत्राचं अंग तापू नये म्हणूनच, शोभेची नाही, काढून ठेवू नका. अंग दहा-पंधरा मिनिटांत जागेवर येतं.

१७. पायरहेलिओमीटर आणि पायरॅनोमीटर, नाव सारखंच वाटतंय.

पायरहेलिओमीटर म्हणजे दुर्बिणीसारखी नळी. ५ अंशांचंच आभाळ बघते आणि दिवसभर सूर्याकडं तोंड करून फिरत राहते, त्यासाठी ट्रॅकर लागतो. तिच्यात फक्त सरळ ऊन येतं. सूर्य स्वतः अर्ध्या अंशाचा, म्हणजे भोवतालचं थोडं तेजही येतंच.

दोघांचं नातं असं: सपाट आकडा म्हणजे सरळ ऊन गुणिले माथ्यापासूनच्या कोनाचा कोसाइन, अधिक आभाळाचा विखुरलेला उजेड. सरळ ८००, कोन ३० अंश, विखुरलेलं १२०, तर ६९३ अधिक १२०, झाले ८१३. विखुरलेला वेगळा मोजायचा तर दुसऱ्या पायरॅनोमीटरवर एक चेंडू फिरवत सूर्य कायम झाकून ठेवतात. तिन्ही यंत्रं असली की एकमेकांवर पहारा ठेवता येतो, बेरीज जुळली नाही की कुणीतरी खोटं बोलतंय.

पायरजिओमीटर म्हणून तिसरं नावही कानावर येईल. ते आभाळाची लांब लहरींची उष्णता मोजतं, उन्हाशी त्याचा संबंध नाही.

१८. जुन्या वेधशाळेत काचेचा गोळा आणि खाली जळलेली पट्टी बघितली होती, ते काय?

कॅम्पबेल-स्टोक्स सनशाइन रेकॉर्डर. १८५३ मध्ये कॅम्पबेलनं केला, १८७९ मध्ये स्टोक्सनं सुधारला. गोळा भिंगाचं काम करतो, ऊन असेल तोपर्यंत कागदी पट्टीवर जळकी रेघ उठते, ढग आला की रेघ तुटते. ऋतूप्रमाणं तीन प्रकारच्या पट्ट्या. किती तास ऊन होतं ते कळतं, किती जोराचं ते नाही. आता सरळ ऊन १२० वॉटच्या वर असेल तर "ऊन आहे" अशी जागतिक हवामान संघटनेची व्याख्या आहे. पट्टी दमट असली की उशिरा जळते, म्हणजे आपल्या श्रावणात तिचे तास जरा कमीच भरणार.

१९. पॉलीहाऊसमध्ये लक्स मीटर चालेल का? मोबाईल ॲप?

मोबाईल विसरा. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड, त्यात हिरव्या-पिवळ्याला जास्त भाव. झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलं सगळंच कामाचं, म्हणून क्वांटम सेन्सर घ्या, त्याचं माप मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. भर उन्हात साधारण २०००. मोकळ्या उन्हात पायरॅनोमीटरच्या वॉटला २ नं गुणलं की चालण्याइतका अंदाज येतो. शेडनेट किंवा रंगीत प्लॅस्टिकखाली हा गुणाकार लावू नका, तिथं उन्हाचा रंगच बदललेला असतो, आणि सिलिकॉन सेन्सरही तिथं त्याच कारणानं फसतो (प्रश्न ५).

२०. कॅलिब्रेशन किती वर्षांनी? आणि ते कशाशी ताडून बघतात?

करारातल्या प्लांटला दरवर्षी, बाकीच्यांना दोन वर्षांनी. काळा रंग ऊन खाऊन खाऊन फिकट होतो, काच जुनी होते, संवेदनशीलता हळूहळू उतरते. तुमचा सेन्सर लॅबमध्ये संदर्भ सेन्सरशेजारी ठेवतात, तो संदर्भ आणखी वरच्याशी ताडलेला असतो, आणि ही साखळी जाऊन थांबते स्वित्झर्लंडमध्ये दावोसला. तिथं खास पायरहेलिओमीटरांचा एक गट आहे, त्यांचं मिळून जे उत्तर तेच जगाचं प्रमाण, आणि दर पाच वर्षांनी देशोदेशीची यंत्रं तिथं शेजारी-शेजारी उन्हात मांडतात. ती यंत्रं मोजतात कशी, तर पोकळी उन्हानं तापते, मग ऊन झाकून तेवढीच वीज देऊन तापवायची, वीज किती लागली ते मोजता येतं, म्हणजे ऊन किती ते कळलं. आपल्याला जवळचं नाव म्हणजे पुणं, तिथलं हवामान खात्याचं केंद्र आशियासाठीच्या प्रादेशिक केंद्रांपैकी आहे. लॅब निवडताना एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यता आणि सर्टिफिकेटवर अनिश्चितता किती लिहिलीय ते बघा, तो आकडा नसेल तर कागद फ्रेम करून लावायच्या कामाचा.

२१. सेन्सर बरोबर आहे का हे मी स्वतः कसं तपासू?

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, लॉगरमधून वायर सोडवा, दोन टोकांना लावा. समजा ७.२ मिलिव्होल्ट आले आणि सेन्सरच्या पाटीवर एका वॉटला ९.०० मायक्रोव्होल्ट लिहिलंय, तर ७२०० भागिले ९, म्हणजे ८०० वॉट. लॉगरवर तेच येतंय का बघा. मग घुमट काळ्या कापडानं झाका, मिनिटभरात शून्याजवळ यायला पाहिजे. उघड्या उन्हात आकडा उणे येत असेल तर वायरी उलट्या.

पाटीवरचा हा नंबर प्रत्येक सेन्सरचा वेगळा असतो, तिथंच बहुतेक घोळ होतात. माझ्याकडनंच झालेला सांगतो. एका प्लांटवर जुना सेन्सर काढून नवीन बसवला, नव्याचा नंबर ८.३, लॉगरमध्ये जुन्याचा ९.१ तसाच राहिला. ऊन ९ टक्के कमी दिसायला लागलं, वीज होती तेवढीच, त्यामुळं प्लांटचा परफॉर्मन्स रेशो (पडलेल्या उन्हाच्या मानानं किती वीज निघाली त्याचे टक्के) रातोरात ७८ वरनं ८५ वर. मालकांनी खूश होऊन कंदी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी चूक माझ्याच ध्यानात आली आणि फोन करून सांगावं लागलं, पेढे तोवर पचलेले होते.

२२. सेन्सर पुसला आणि प्लांटचा परफॉर्मन्स खाली आला! आता पुसू का नको?

पुसा. परफॉर्मन्स म्हणजे वीज भागिले ऊन, आणि धुळकट सेन्सर ऊनच कमी सांगत होता, त्यामुळं भागाकार फुगलेला होता. पॅनेल आणि सेन्सर दोन्ही सारखेच मळले तर कागदावर सगळं छान दिसतं आणि वीज मात्र रोज थोडी थोडी जाते. आता खरा आकडा दिसतोय. मे महिन्यात तो तसाही कमीच असतो, सेल ६० अंशाला तापला की २५ च्या मानानं साधारण १२ ते १४ टक्के वीज उष्णतेतच जाते, त्यात सेन्सरचा काही दोष नाही. पॅनेलही त्याच दिवशी धुवा, आणि दोन्हीची तारीख एकाच वहीत लिहा.